साडेसात पेन्स

माझी आजी इंग्रज होती असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादी मडमीण उभी राहते. प्रत्यक्षात ती ग्लॉस्टरशरमधल्या एका खेड्यातील गवंड्याची विधवा होती. कॉट्सवोल्ड टेकड्यांतला मधाच्या रंगाचा दगड घडवून आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांची घरे बांधली आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत दिवस काढले. माझे वडील वाईहून डॉक्टरी शिकावयास तिकडे गेले व तिचे जावई झाले. आई परिचारिका. दोघेही इस्पितळात; त्यामुळे माझे बालपण आजीच्या पदराआड (पदर कसला, एप्रनच तो!) गेले.

आजीचे शिक्षण बेताचे. पण हिशेबात तिचा हात धरणारे गावात कोणी नव्हते. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस! ‘वीस पेन्स म्हणजे एक शिलिंग आठ, तीस पेन्स म्हणजे दोन शिलिंग सहा’ हा शाळेतला पाढा ती भांडी घासताना म्हणे, आणि वडील घरी असले म्हणजे खुर्चीतून पावकी-निमकीने तिला उत्तर देत. एकमेकांचे पाढे दोघांनाही कळत नसत. पण ताल मात्र छान जमे.

१५ फेब्रुवारी १९७१ रोजी पौंडाचे शंभर नवे पेन्स झाले. हिंदुस्थानात १९५७ सालीच रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तरी लोक पुढे कितीतरी वर्षे पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत, असे सांगून वडिलांनी तिला धीर दिला. तिने सरकारने घरोघर वाटलेली पुस्तिका चहाच्या डब्याखाली सारून ठेवली.

त्याच आठवड्यात आम्ही दुकानात गेलो. गावात दुकान एकच, टपालकचेरीही त्यातच. मी नऊ वर्षांचा, शाळेत नवा हिशेब शिकलेला. पाव रत्तल चहाचे साडेसात पेन्स झाले. आजीने क्षणभर विचार केला आणि फळीवर एक शिलिंग व एक सहा पेन्सांचे नाणे ठेवले.

“आजी, हे जुने पैसे! साडेसात मागितलेत, कळत कसे नाही तुला?” मी मोठ्याने म्हणालो. मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. मीही हसलो.

आजीचा चेहरा लाल झाला. तिने नाणी उचलली, पाकिटातील सगळी मोड तळहातावर ओतली आणि तो हात दुकानदारापुढे धरून ती खिडकीबाहेर पाहू लागली. दुकानदाराने काही न बोलता त्यातून दोन नाणी उचलली. तीच दोन. शिलिंगाचे पाच नवे पेन्स, सहा पेन्सांचे अडीच. आजीचा हिशेब चोख होता! ते मी पाहिले, तिने पाहिले नाही.

वाटेत सांगावे असे दहादा मनात आले, पण सांगितले नाही. त्यानंतर कुठल्याही दुकानात ती पैसे मोजीत नसे. तळहात पुढे करी.

त्या नाताळात पुडिंगमध्ये लपविलेले सहा पेन्सांचे नाणे माझ्या वाट्याच्या तुकड्यात निघाले. आजीने ते पुसून माझ्या हातावर ठेवले.

“आता याचे किती रे?”

“अडीच.”

“आणि शिलिंगाचे?”

“पाच.”

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मी मान खाली घालून पुडिंग संपविले.