फेब्रुवारीचे तीनशे रुपये

जुनी फीचर्स मोडतात ती निष्काळजीपणामुळे, असं मी अनेक वर्षं ठामपणे सांगत आलो. कोड स्वच्छ ठेवा, टेस्ट भरपूर लिहा, मग मेंटेनन्सचा बाऊ राहत नाही. टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हेच शिकवलं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

ते बदललं एका पगाराच्या सॉफ्टवेअरमुळे. महाराष्ट्रात ठरावीक पगाराच्या वर दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत मात्र ३००. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये या करावर वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती ठरली. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० धरले की हिशेब बरोबर तिथे पोचतो. कोडमध्ये यासाठी एकच ओळ होती: महिना दुसरा असेल तर ३००. ओळ स्वच्छ होती, तिची टेस्टही होती. लिहिणारी मुलगी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली. तिच्या जागी आलेल्या परराज्यातल्या हुशार मुलाला ती ओळ म्हणजे बग वाटला. त्याने ती काढली. टेस्ट लाल झाली, तेव्हा टेस्टमधला आकडाही २०० केला. सगळं हिरवं झालं. रिव्ह्यूमध्ये कुणी हरकत घेतली नाही, कारण तीनशेचं कारण माहीत असलेलं टीममध्ये कुणी उरलंच नव्हतं. शेवटी ते पकडलं अकाउंट्समधल्या बाईंनी, पगारपत्रक चाळताना.

या मुलाला निष्काळजी कसं म्हणायचं? त्याने टेस्टसुद्धा चालवल्या होत्या.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्येच मांडलं होतं की प्रोग्रॅमची खरी समज तो घडवणाऱ्यांच्या डोक्यात असते, कागदपत्रांत ती पुरती उतरत नाही, आणि टीम पांगली की प्रोग्रॅम मरतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फार टोकाचं वाटलं होतं. आता त्यातला शब्द न् शब्द पटतो.

त्यात फीचर ‘पूर्ण’ असं कधी होतच नाही. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ झाला. कोडला कुणी हातही लावला नव्हता, तरी तो त्या महिन्यापासून चुकीचा ठरला. अशा वेळी बदल नेमका कुठे करायचा आणि त्याचे धागे कुठवर पोचतात, हे सांगणारं माणूस लागतं. आपण मात्र फीचर लाइव्ह गेलं की टीम मोडतो. अप्रेजलमध्ये नवं काय केलं ते विचारतात. वर्षभर जे मोडू दिलं नाही, त्याला तिथे रकानाच नसतो. हे मला मनापासून खटकतं.

टेस्टचा आग्रह मी सोडलेला नाही. पण आता त्याआधी माणसांसाठी भांडतो. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने शेजारी बसून निदान एक खरा बदल एकत्र लाइव्ह न्यावा; नुसत्या केटी (नॉलेज ट्रान्सफर) सेशनच्या रेकॉर्डिंगवर भागवू नये. मॅनेजर म्हणतात, एवढा वेळ क्लायंटला दाखवायचा कसा? मी तो एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ घालून दाखवतो.