कुयरीचा चीक

कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करायची हौस मला रत्नागिरीत बदली होऊन आल्यावर पहिल्याच चैत्रात आली. आम्ही सोलापूरकडचे, फणस पाहिला तो तळलेल्या गऱ्यांच्या पाकिटातच.

कोवळा फणस विळीवर धरला आणि दुधासारखं पातळ काहीतरी वाहायला लागलं. फोडी होईपर्यंत पातं, बोटं, पाट, सगळ्यावर तपकिरी चिवट थर. नळाखाली धरला, तर आणखी घट्ट झाला. साबण लावून घासला, तर घासणीच गच्च होऊन बसली. उकळतं पाणी ओतल्यावर मऊ पडला, वाटलं जमलं. फडक्याने पुसला तर पातंभर पसरला आणि फडक्याचे धागेही त्यातच अडकले. हे प्रकरण काय आहे, कळेना.

शेजारच्या काकू गडग्यापलीकडून बघत होत्या. "अहो, पाण्याने कुठे जायचा चीक! खोबरेल चोळा." चिकट वस्तूवर आणखी तेल? तरी चोळलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसलं. थर वळ्या होऊन सुटला!

कारण नंतर समजलं. चिकात रबराच्या जातीचे आणि राळेसारखे पदार्थ असतात. ताज्या चिकात त्यांचे कण पाण्यात तरंगतात, म्हणून तो दुधासारखा दिसतो. पाणी उडालं की उरतो तो गोंद, आणि तो विरघळतो तेलात. साबणाची पाळी त्यानंतर, तेल काढायला. रॉकेलनेही निघतो, पण भाजीच्या विळीला तो वास कोणाला हवाय? पातं गॅसवर धरून चीक जाळायचाही माझा बेत होता. पोलाद 300 अंशांच्या आसपास निळं पडतं आणि मग धार टिकत नाही, हे ऐकून तो सोडला.

विळी साध्या पोलादाची, स्टेनलेस नव्हे. एवढ्या पाण्यात तिच्यावर गंजाचे ठिपके उठलेच. त्यांना चिंचेचा कोळ लावला, राखेने घासलं, लगेच धुऊन कोरडं केलं आणि तेलाचा हात फिरवला. कोळ फार वेळ ठेवला तर पातंच काळवंडतं.

पुढची कुयरी काकूंनीच कापून दाखवली, आधी हाताला आणि पात्याला तेल लावून. देठातून ठिबकणारा चीक त्यांनी काडीला गुंडाळून घेतला. तो तापवून गळक्या बादलीच्या भोकाला लावतात म्हणे.

"मग तो परत निघतो कशाने?" मी विचारलं.

"काढायचाय कशाला?"