अर्धा तास आधी

रत्नागिरीचे लग्नकार्य आटोपून सांगलीला परतताना आंबा घाटात घडलेला प्रसंग त्या कुटुंबात पुन्हा कोणी फारसा काढला नाही. पण विसरलेही कोणी नाही. गाडीत पाच माणसे, सामानाने भरलेली डिकी आणि सूर्यास्तापूर्वी आईचे जेवण व्हावे म्हणून मुलाची चाललेली घाई. पुढचा ट्रक ओलांडण्यासाठी त्याने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज वाढला, वेग मात्र वाढेना. तेवढ्यात समोरून एस.टी. आली. गाडी कशीबशी ट्रकच्या मागे परतली. मागच्या आसनावर आईने णमोकार मंत्र म्हटला. घरी पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. त्या रात्री आईने पाणीही घेतले नाही.

ही गोष्ट मुलाच्या मनाला लागली. गाडी दीड लिटरची, टर्बो नसलेली क्रेटा. तिची शक्ती वाढवायचीच, असे त्याने ठरवले. हवा आत घेणारी नवी नळी, मोकळा एक्झॉस्ट आणि इंजिनाच्या संगणकाची फेरजुळणी, असा सव्वा लाखाचा अंदाज त्याने अण्णांपुढे ठेवला.

हळदीच्या पेढीवर आयुष्य घालवलेल्या अण्णांनी एवढेच विचारले, "पदरात किती पडणार?"

उत्तर शोधताना मुलाला पुष्कळ उलगडा झाला. टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते, म्हणून तिथे संगणकाच्या फेरजुळणीने मोठी वाढ मिळू शकते. टर्बो नसलेले इंजिन वातावरणाच्या दाबाने येईल तेवढीच हवा घेते आणि त्या हवेच्या प्रमाणातच पेट्रोल जाळते. मूळच्या ११५ अश्वशक्तीत फार तर आठाची भर पडली असती. म्हणजे एक अश्वशक्ती साडेपंधरा हजारांहून महाग! शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत. विमा कंपनीला न कळवता बदल केल्यास अपघातानंतर दावा अडू शकतो, तो धोका वेगळाच.

खरी चूक तर निराळीच होती. या इंजिनाची पूर्ण ओढ ४५०० फेऱ्यांच्या आसपास मिळते. मुलाने चढावर चौथा गिअर तसाच ठेवला होता आणि फेऱ्या दोन हजारांवर रेंगाळत होत्या. दुसरा गिअर टाकला असता, तर हवी ती शक्ती गाडीतच होती. आणि पुढचा रस्ता दिसत नसताना ट्रक ओलांडायला निघणे, ही चूक तर कोणत्याही शक्तीने भरून निघणारी नव्हती.

अखेर चार नवे टायर, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर एवढाच खर्च झाला. तो पन्नास हजारांच्या आत राहिला. डिकीत कायम पडून असलेली हळदीच्या नमुन्यांची पोती पेढीवर उतरली.

हिशेब पुरा होताना आई म्हणाली, "बाळ, माझ्या जेवणासाठी गाडी पळवू नकोस. आपण अर्धा तास आधी निघत जाऊ."

पुढच्या खेपेस त्याच घाटात पुन्हा एक ट्रक पुढे आला. मुलाने दुसरा गिअर टाकला. मात्र पुढे वळण होते, म्हणून तो ट्रकमागेच राहिला. अण्णा काही बोलले नाहीत. घरी आईचे पान वाढले, तेव्हा अंगणात अजून ऊन होते.