वकिलासमोरची आलोचना

आलोचना म्हणजे गुरूसमोर केलेले स्वतःच्या दोषांचे निष्कपट निवेदन. तत्त्वार्थसूत्रातील प्रायश्चित्ताच्या नऊ प्रकारांत ती पहिली. मात्र आलोचनेलाही दहा दोष लागू शकतात, असे शास्त्रकारांनी बजावून ठेवले आहे. त्यांतील एकाचे नाव ‘दृष्ट’. जो अपराध इतरांच्या नजरेस पडला आहे तेवढाच कबूल करायचा आणि जो कोणी पाहिला नाही तो पोटात ठेवायचा, हा तो दोष.

कृष्णाकाठच्या एका गावी माहेरी परतलेल्या एका श्राविकेला या दोषाचा अर्थ वकिलांच्या कार्यालयात उमगला.

लग्नाला अकरा वर्षे झालेली, पदरी आठ वर्षांची मुलगी. पतीने हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा अर्ज केला. १९५५ चा हा कायदा जैनांनाही लागू आहे. त्यातील कलम २४ नुसार तिने दाव्याच्या काळापुरती पोटगी मागितली. थोरला भाऊ तिला वकिलांकडे घेऊन गेला. वकीलसाहेब वयस्कर आणि मितभाषी होते. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, “ताई, तुमचे स्वतःचे काही उत्पन्न?”

उत्तर भावाने दिले, “काही नाही. घरीच असते.” ती खाली मान घालून बसली.

वस्तुस्थिती निराळी होती. माहेरी आल्यापासून ती ब्लाउज शिवत होती, साड्यांना फॉल लावून देत होती. महिन्याकाठी आठ-नऊ हजार रुपये सुटत आणि त्यांतले बरेचसे गिऱ्हाइकांच्या मोबाइलवरून थेट तिच्या बँकखात्यात जमा होत. उत्पन्न दिसले की पोटगी गेली, असा भावाचा हिशेब होता. आपले शिक्षण, जवळचे दागिने, भांडून घर सोडल्याची ती रात्र, हे सारे तिने वकिलांना सांगितले. कारण ते सासरच्यांना ठाऊकच होते. जे त्यांना ठाऊक नव्हते तेवढेच मागे राहिले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात पती-पत्नी दोघांनाही आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. तिच्या प्रतिज्ञापत्रात उत्पन्नापुढे ‘निरंक’ असे लिहिले गेले. तिने सही केली आणि ते दाखलही झाले.

पुढे दशलक्षण पर्व आले. उत्तम सत्याच्या दिवशी मंदिरात पंडितजी सत्याणुव्रताचे अतिचार समजावून सांगत होते. त्यांतील ‘कूटलेखक्रिया’ या शब्दाशी ती अडखळली. खोटा लेख तयार करणे, असा त्याचा अर्थ. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वकिलांकडे गेली. बँकेचे पासबुक टेबलावर ठेवले आणि सारे सांगून टाकले. वकीलसाहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“तारखेच्या आधी सांगितलेत, हे बरे केलेत,” ते अखेरीस म्हणाले. “समोरच्या वकिलांनी हाच उतारा न्यायालयात ठेवला असता, तर प्रश्न आठ हजारांचा राहिला नसता. मुलीच्या फीबद्दल, आजारपणाबद्दल तुम्ही जे खरे सांगितले आहे, त्यावरही कोणी विश्वास ठेवला नसता. शपथेवर खोटे सांगणे हा गुन्हा आहे, तो भाग वेगळाच.”

“मला भीती वाटली, साहेब.”

“भीती बाहेरच्यांची बाळगा. पक्षकार वकिलाला विश्वासाने जे सांगतो, ते त्याच्या संमतीवाचून उघड करण्याची कायद्याने आम्हांला मनाई आहे. मात्र खोटे पुढे रेटण्यासाठी कोणी आमची मदत मागितली, तर त्या बोलण्याला हे संरक्षण नाही. आणि एक ऐका. पत्नी थोडेफार कमावते एवढ्याच कारणावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, असे त्याच २०२० च्या निकालात म्हटले आहे. पहिल्या दिवशी बोलला असता, तर मी हीच गोष्ट अर्जात मांडली असती.”

जी गोष्ट लपवण्यासाठी इतके दिवस जीव मुठीत धरला, ती तिच्याच बाजूने मांडता आली असती!

चूक मान्य करून सुधारित प्रतिज्ञापत्र दाखल झाले. समोरच्या वकिलांनी पहिल्या प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवलेच. न्यायाधीशांनी तिला सरळ विचारले आणि तिनेही सरळ उत्तर दिले. पुढे आदेश झाला, तेव्हा तिच्या स्वतःच्या वाट्याची रक्कम मागितल्यापेक्षा कमी आली. मुलीच्या खर्चाची मागणी मात्र बहुतांशी मान्य झाली. भाऊ दोन दिवस घुश्शात होता. आपण खरे बोलायला उशीर केला, त्याची किंमत म्हणून तिने ती कमी रक्कम स्वीकारली.

क्षमावाणीच्या दिवशी ती वकिलांकडे गेली होती. वकीलसाहेब जैन नव्हते. तिने हात जोडून “उत्तम क्षमा” म्हटले, तेव्हा ते क्षणभर गोंधळले, मग त्यांनीही हात जोडले आणि म्हणाले, “पुढच्या वेळी दागिन्यांच्या पावत्याही आणा. असतील तेवढ्या सगळ्या.”

तिने सगळ्या नेल्या. ज्यांच्याविषयी कोणालाच ठाऊक नव्हते, त्यासुद्धा.