मागची बाजू

२६ फेब्रुवारी २०२३, रविवार. सकाळीच शेजारच्या आजींनी दार वाजवलं. हातात 'द हंट्सव्हिल टाइम्स'च्या तीन प्रती.

"एक तुझी, हनी. आजचा शेवटचा."

आधी कबूल करून टाकते. अलाबामातल्या या गावात इतकी वर्षं राहून मी हा पेपर एकदाही विकत घेतला नव्हता. १९१०पासून निघत होता. त्याच दिवशी 'बर्मिंगहॅम न्यूज' आणि मोबीलचा 'प्रेस-रजिस्टर' यांचीही छपाई थांबली. तसे २०१२मध्येच तिघंही आठवड्यातून तीन दिवसांवर आले होते.

पण पेपर गेला म्हणजे पत्रकारिता मेली, असा गळा काढायला मी तयार नाही. बातम्या त्यांच्या वेबसाइटवर येतच राहिल्या, आणि दमदार. बर्मिंगहॅमजवळ ब्रुकसाइड नावाचं जेमतेम साडेबाराशे वस्तीचं गाव आहे. तिथले पोलीस येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गाड्या अडवून इतका दंड आणि जप्ती करत होते, की गावाचं जवळपास निम्मं उत्पन्न त्यातूनच यायला लागलं होतं. वार्ताहरांनी २०२२मध्ये हे बाहेर काढलं आणि पोलीसप्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. छपाई बंद झाल्यावर अडीच महिन्यांच्या आत त्याच मालिकेला पुलित्झर मिळालं. मी ती अख्खी फोनवर वाचली. फुकट, हेही सांगायला हवं.

मग गेलं काय? ते मला एप्रिलमध्ये कळलं. आजींचे यजमान वारले. मार्शल स्पेस फ्लाइट सेंटरमध्ये सॅटर्न रॉकेटवर काम केलेले. हंट्सव्हिलमध्ये असे आजोबा गल्लोगल्ली भेटतात. १२ एप्रिल १९६१चा अंक त्यांनी जपून ठेवला होता. 'मॅन एन्टर्स स्पेस' असा भलामोठा मथळा, खाली गागारिन. रशियनांनी आपल्याला हरवलं त्या दिवसाचा पेपर हे गृहस्थ कौतुकाने दाखवायचे!

आजींचा खजिना त्यांच्या बायबलमध्ये. पानापानांत कात्रणं. त्यांच्या लग्नाची बातमी, त्यात झग्याच्या लेसचंसुद्धा वर्णन. मुलाने हायस्कूलच्या फुटबॉलमध्ये केलेला टचडाउन. आईच्या निधनाची चार इंच बातमी.

यजमानांची बातमी वेबसाइटवर आली होती. इथे वडीलधाऱ्या बाईला 'मॅम' म्हणतात, आपल्या 'अहो'सारखं. म्हटलं, "मॅम, मी प्रिंट काढून आणते." ऑफिसातून चांगल्या जाड कागदावर आणली. त्यांनी कात्री घेतली, कडेकडेने नीट कापलं आणि कागद उलटून पाहिला.

"मागे काहीच नाही," म्हणाल्या.

मग एकेक जुनं कात्रण उलटून दाखवायला लागल्या. लग्नामागे टायरच्या दुकानाची अर्धी जाहिरात. टचडाउनमागे कोंबडीचा भाव. आईच्या मागे कुणाचं तरी हरवलेलं कुत्रं. हे सगळं त्यांना पाठ होतं. नवा कागद त्यांनी बायबलमध्ये ठेवला, पण तो बसेना, सारखा वर येत होता.

"तुझी ती शेवटची प्रत आहे ना गं जपून?" त्यांनी मध्येच विचारलं.

मी हो म्हटलं.

घरी येऊन चकल्यांचा डबा उपसला. तळाशी घातलेला पेपर तेल पिऊन पारदर्शक झाला होता. पहिल्या पानावर दोन्ही बाजूंची अक्षरं एकातएक दिसत होती.