एका सिगारएवढं पाणी

कनेटिकटमध्ये हिवाळा लागला आणि घराघरांतलं हीटिंग सुरू झालं की घरातली हवा पार कोरडी पडते. ओठ फुटतात, लाकडी फर्निचर तडकतं, कुंडीतला कढीपत्ता माना टाकतो. अशा घरात सिगार उघडा राहिला तर थोड्याच दिवसांत कडक होतो आणि त्याचं वरचं पान चिरत जातं. शेजारच्या आजोबांनी नेमक्या याच दिवसांत आपल्या सिगारच्या पेट्या माझ्या हवाली केल्या. ते ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला निघाले होते. तिथे खोली लहान आणि धूम्रपानाला मनाई. पेट्यांसोबत त्यांनी आपला काचेच्या दाराचा, अठ्ठावीस बाटल्यांचा वाइन कूलरही दिला. म्हणाले, "याचा ह्युमिडॉर कर. रविवारी मी येत जाईन." मी हो म्हटलं खरं, पण ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठेवायची दमट पेटी, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

हो म्हणण्यामागे पानाबद्दलची ओढ होती. माझं आजोळ निपाणीजवळचं. तंबाखूच्या वखारींचा उग्र वास लहानपणापासून नाकात बसलेला. तिकडचं पान विडीचं, उन्हात वाळवलेलं. इथलं पान सिगारच्या सर्वांत बाहेरच्या वेष्टणाचं. कनेटिकट नदीच्या खोऱ्यात, विंडसर गावात १९०० साली सुमात्राच्या बियाण्याचा तंबाखू कापडी मांडवाखाली लावून पाहिला गेला. सावलीत वाढलेलं ते पान पातळ, लवचिक, फिकट रंगाचं निघालं आणि जगभर मागणी आली. पुढे या मांडवांत उन्हाळ्याच्या सुटीत शाळा-कॉलेजची मुलं राबत. १९४४ आणि १९४७ च्या उन्हाळ्यांत मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर सिम्सबरीच्या तंबाखूच्या शेतात कामाला होते. शेजारच्या आजोबांनीही पोरवयात मांडवाखाली पानं खुडलेली. तंबाखू आरोग्याला घातक आहे यात वाद नाही, आणि मी स्वतः क्वचितच सिगार ओढतो. पण ज्या पानामागे इतक्या हातांचे कष्ट आहेत, ते माझ्या तळघरात वाळून फुकट जावं हे मला पटणारं नव्हतं.

सिगारला हवी असते साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअसची हवा आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता. कमी पडली तर पान ठिसूळ होतं, धूर तिखट लागतो. जास्त झाली तर सिगार फुगतो, नीट पेटत नाही, बुरशी धरते. वाइन कूलर मात्र बाटल्या गार करायला बनवलेला. गार करताना हवेतलं पाणी काढून टाकणारं यंत्र दमटपणा टिकवायला कसं वापरायचं, हे कोडं मला सुटेना.

उत्तराचा पहिला धागा कूलरच्या मागच्या बाजूला सापडला. काही कूलरमध्ये घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. तो जोरात गार करतो आणि प्रत्येक फेरीत हवेतला ओलावा ओढून घेतो. आमचा कूलर थर्मोइलेक्ट्रिक निघाला. दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यांतून वीज सोडली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये दाखवलं होतं. त्याच तत्त्वावर हा चालतो. याचा थंडावा हळुवार असतो, म्हणून सिगारवाले यालाच पसंती देतात. तरी आतल्या थंड पट्टीवर दंव जमतंच. २० अंशांच्या, ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेला १३ अंशांच्या आसपासचा पृष्ठभाग लागला की पाणी सुटू लागतं. ते पाणी तळाच्या भोकातून बाहेर जातं. त्या भोकाला बूच बसवलं आणि पट्टीखाली सिलिकाच्या मण्यांची बशी ठेवली. टपकलेलं पाणी मणी शोषून घेतात आणि हवा कोरडी पडली की परत सोडतात.

कूलरला जुन्या प्लॅस्टिकचा वास होता, आणि तंबाखू शेजारचा वास लगेच धरतो. म्हणून आतून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं, वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वास पुरता जाईपर्यंत दार उघडं ठेवलं.

मग आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरची परीक्षा. या भागात मी रमलो. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, थेंबथेंब पाणी घालून ते ओल्या वाळूइतकं दाटसर करायचं. मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत शेजारीशेजारी ठेवून दिवसभर हात लावायचा नाही. ओल्या मिठावरच्या बंदिस्त हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हा निसर्गाचा नियम आहे. त्याला दुकानदाराच्या हमीची गरज लागत नाही. मी पिशवीकडे बघत राहिलो. आकडा आधी भराभर चढला, मग रेंगाळला आणि ७२ वर स्थिरावला. म्हणजे यंत्र तीन टक्के कमी दाखवतं. तेवढे मिळवून वाचायचं. सगळ्या गोंधळात भरवसा ठेवावा असा हा पहिला आकडा.

खरा उलगडा झाला तो कागदावर हिशेब मांडल्यावर. कूलरची आतली जागा सुमारे ८० लिटर. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सतरा ग्रॅम वाफ मावते. तिचे ६५ टक्के धरले तर अख्ख्या कपाटातल्या हवेत पाणी भरतं जेमतेम एक ग्रॅम. चांगल्या स्थितीतल्या सिगारच्या वजनात साधारण १२ ते १४ टक्के पाणी असतं. म्हणजे एका जाडजूड सिगारात जेवढं पाणी, तेवढंही त्या कपाटभर हवेत नाही! दार उघडलं की आर्द्रतेचा आकडा धाडकन का पडतो आणि बंद केल्यावर आपोआप वर का येतो, हे तेव्हा कळलं. ओलाव्याचा साठा लाकडात आणि पानात असतो. हवा नुसती त्यांच्यातली देवघेव करते.

म्हणून लाकडाला इतकं महत्त्व. ह्युमिडॉरसाठी वापरतात ते स्पॅनिश सीडर, शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे झाड महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. लाकूड हलकं, मंद वासाचं, पाणी घेणारं आणि देणारं. कपड्यांच्या कपाटात घालतात तो तांबडा सीडर इथे चालत नाही, त्याच्या तेलाचा भपकारा पानात उतरतो. तारेच्या फळ्या काढून मी या लाकडाचे खण बसवले. ना पॉलिश, ना वार्निश. तळाला पट्ट्यांमध्ये फटी, हवा खेळती राहावी म्हणून. मापं सिगारनेच ठरवून दिली. त्याची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. पन्नास नंबरचा, रोबुस्टो आकाराचा सिगार सुमारे २० मिलिमीटर जाड आणि पाच इंच लांब, त्यामुळे ५ सेंटिमीटर उंचीच्या खणात दोन थर आरामात बसतात. सात इंची, चर्चिल आकाराच्या सिगारांसाठी एक खण वेगळा राखला.

कोरडं लाकूड आत ठेवलं तर ते सिगारचंच पाणी पितं. म्हणून आधी रिकाम्या खणांसोबत डिस्टिल्ड पाण्याची वाटी ठेवून लाकूड मुरू दिलं. मण्यांवर पाणी घालायचं तरी डिस्टिल्डच, कारण नळाच्या पाण्यातले क्षार त्यांत साचतात. मग वाटी काढून बोवेडा कंपनीची, ६५ टक्के आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवली. आतलं क्षारांचं द्रावण पाकिटाच्या पापुद्र्यातून वाफ सोडतं आणि जादा झालेली परत घेतं.

तरीही वरच्या खणात आकडा कमी आणि खालच्या खणात जास्त, हा घोळ राहिलाच. त्याचंही कारण त्याच हिशेबात होतं. थंड हवा खाली बसते, थंड हवेत वाफ कमी मावते, म्हणून तेवढ्याच पाण्याला तिथे टक्केवारी जास्त दिसते. कॉम्प्युटरमधला छोटा पंखा तळाला, मागच्या बाजूला बसवला. तो अधूनमधून फिरला की दोन्ही आकडे जवळ येतात.

किड्याची धास्ती मात्र वेगळी. तंबाखूत भोकं पाडणारा तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचा किडा आपल्याकडे हळकुंडं आणि सुंठही पोखरतो. पानात त्याची अंडी असली तर तापमान २४-२५ अंशांच्या वर गेल्यावर ती उबण्याचा धोका वाढतो. म्हणून सगळे सिगार हवाबंद पिशव्यांत घालून आधी फ्रीझरमध्ये ठेवले, मग दिवसभर फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम ऊब लागली तर पान फाटतं. आता हिवाळ्यात कूलर बंदच असतो, तळघर मुळातच गार आहे. उन्हाळ्यात तो १८ अंशांवर लावायचा.

सिगार लावले ते पानाच्या वंशावळीप्रमाणे. वर कनेटिकटच्या फिकट वेष्टणाचे, मधे निकाराग्वाच्या एस्तेली भागातले, खाली गडद, मादुरो वेष्टणाचे. सुवासिक अर्क लावलेले सिगार कपाटाबाहेर, वेगळ्या डब्यात. प्रत्येक खणावर कधी ठेवले त्याची चिठ्ठी. आजोबांना हवा तो सिगार दार अर्धं उघडून, शोधाशोध न करता मिळतो. नीटनेटकेपणा इथे ओलावा वाचवतो, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

माझ्यासारख्या नवख्याला सांगायचं तर पैसे आधी चांगल्या लाकडावर आणि दाराच्या रबरावर खर्च करा, हायग्रोमीटर मिठाने तपासा, आणि लाकूड मुरल्याशिवाय एकही सिगार आत ठेवू नका. ६५ बरे की ६९, यावर जाणकार भांडत राहतील. पान काही तासातासाला बदलत नाही, ते आठवड्यांनी बदलतं. तेव्हा आकडा एका टक्क्याने हलला म्हणून पाणी घालायला धावू नका. कपाट भरलेलं ठेवा आणि दार मिटलेलं. बाकीचं काम लाकूड आणि पान आपसांत करतात, आणि आपल्यापेक्षा चांगलं करतात.