दोराचे टोक

उन्हाळ्यात नारपोलीत यंत्रमागांच्या खडखडाटाने व उकाड्याने जीव मेटाकुटीस आला, की मी व माझा मित्र सांदण दरीची वाट धरतो. कसारा घाट चढून घोटीमार्गे अकोले तालुक्यातील साम्रद गावी पोहोचावे. दरीचे मुख तेथून जवळच आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेला हा काळा कातळ पाण्याने युगानुयुगे चिरला. दोन्ही बाजूंना उत्तुंग कडे आणि वर आभाळाची चिंचोळी पट्टी! भर वैशाखातही येथील डोहाचे पाणी अंगावर शहारे आणते. पावसाळ्यात मात्र येथे पाऊल टाकू नये. तेव्हा पाण्याचा लोंढा दरीतून धावतो.

पुढे दोरावरून कडा उतरावा लागतो. आधी उतरलेला गडी खालून दोराचे टोक धरतो. वरच्याचा हात सुटला, तर खालचा दोर ताणतो. तो कमरेच्या कडीत आवळतो व पडणारा जागीच थांबतो.

एकदा माझ्या पायाखालचा दगड निखळला आणि हात सुटला. क्षणार्धात दोर ताठ झाला. मी अधांतरी, पण सुखरूप होतो. खाली येऊन पाहतो, तो मित्राचे तळहात लालबुंद! तो एवढेच म्हणाला, "आता तू आधी उतर."

पुढच्या कड्यावर दोराचे टोक माझ्या हाती होते. माझी नजर त्याच्यावरून क्षणभरही ढळली नाही.